पदराखाली काय काय झाकायचं?

एरवी या सदरात आपण डाळीला कीड लागू नये म्हणून काय करावं, महिनाअखेरची ओढाताण कशी भागवावी, असल्या गोष्टी बोलतो. आजची गोष्टही घरातलीच आहे, पण लिहिताना हात जरा जड झाला आहे.

परवाच्या टपालात यवतमाळहून एका भगिनीचं पत्र आलं. नाव देऊ नका, असं तिनं दोनदा लिहिलंय. दारव्हा रोडकडच्या एका नव्या लेआउटमध्ये घर. मालक नोकरीत, मोठी मुलगी सासरी, धाकटा मुलगा एकोणीस वर्षांचा, कॉलेजात. दिवाळीची साफसफाई काढली म्हणून पोराची गादी उन्हात टाकायला उचलली, तर खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेला हातभर लांब सुरा. भाजी चिरायचा नाही, नारळ फोडायचाही नाही. संध्याकाळी पोराला विचारलं तर तो खेकसला, "तू काहून हात लावला माह्या गादीले? मित्राचा हाये, ठेवाले दिला." तेव्हापासून बाईच्या घशाखाली घास उतरत नाही. ती लिहिते, "ताई, ह्यांना सांगू तर हे रागीट, पोराला घराबाहेर काढतील. न सांगू तर रात्रभर झोप नाही. विहिरीत टाकून देऊ का? की पाहिलंच नाही असं समजून गप्प राहू?"

बाई गं, तू गप्प राहिली नाहीस, पत्र लिहिलंस, इथंच अर्धं काम झालं. तुला उत्तर देते. पण तुझ्यासारख्या आणखी कितीजणी असतील, म्हणून सगळ्यांसमोर देते.

यवतमाळ माझं माहेर. आमच्या लहानपणी गाव इतकं बेताचं होतं, की एका टोकाला पोरानं आगाऊपणा केला तर तो घरी पोचायच्या आत बातमी पोचायची. कोण कोणाचा, कोणत्या आळीतला, हे सगळ्यांना ठाऊक. आता तसं राहिलं नाही. २०११च्या जनगणनेत शहराची वस्ती एक लाख सोळा हजारांच्या घरात होती. पुढे २०१६च्या नगरपालिका निवडणुकीआधी वडगाव, लोहारा, उमरसरा, वाघापूर, पिंपळगाव, मोहा, भोसा अशी भोवतालची गावं शहरात आली. काल जिथे कपाशी उभी होती तिथे आज प्लॉट पडले. आर्णी, घाटंजी, बाभूळगाव, राळेगावकडून माणसं मुलांच्या शिक्षणासाठी, कामासाठी, शेती परवडेना म्हणून शहरात आली. येणारे काही वाईट नसतात, आपणही कधीतरी आलेलोच. पण नव्या लेआउटमध्ये शेजार नवा असतो. "अरे, तू अमक्याचा ना?" म्हणून पोराचा कान धरणारे काका-मामा तिथे नसतात. ती रिकामी जागा मग चौकातला एखादा 'भाऊ' भरून काढतो.

वर्तमानपत्र वाचणाऱ्यांना माहीतच आहे, की या शहरात टोळ्यांच्या वैरातून खून झाले आहेत. पोलिसांनी मोक्का लावला, झोपडपट्टीदादा कायद्याखाली माणसांना वर्ष वर्ष स्थानबद्ध केलं, कितीकांना जिल्ह्यातून तडीपार केलं. तरी काही महिन्यांनी पुन्हा एखादी बातमी येतेच. आपण ती वाचतो, "काय दिवस आले बाई!" म्हणतो, आणि संध्याकाळी दाराची कडी जरा घट्ट लावतो. आपल्याला वाटतं, धोका बाहेरून येणार. कोणी अनोळखी, दूरचा, रात्रीचा.

आकडे वेगळं सांगतात. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात २८,५२२ खुनांची नोंद झाली. त्यांपैकी ९,९६२, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून अधिक खून वादावादीतून झाले. ३,७६१ जुन्या वैरातून. आणि पैशाच्या, दागिन्यांच्या लोभापायी झालेले १,८८४. म्हणजे ज्या चोराच्या भीतीनं आपण कडी लावतो, त्याच्यापेक्षा कितीतरी पट जास्त जीव ओळखीच्यांच्या भांडणात जातात. त्या वर्षी महाराष्ट्रात २,२९५ खून नोंदले गेले. उत्तर प्रदेश आणि बिहार यांच्या खालोखाल आपला नंबर.

भांडणं तरी कशाची? गाडीचा कट लागला. पानठेल्यावर कोणी टक लावून पाहिलं. उसने घेतलेले पैसे परत दिले नाहीत. पोरीवरून कोणी काही बोललं. मिरवणुकीत धक्का लागला. जागच्या जागी मिटावं असं भांडण, पण चारचौघांत मानहानी झाली म्हणून ते मनात राहतं. मग दोन्हीकडचे मित्र फुंकर घालतात. हल्ली मोबाइलवर धमकीचे व्हिडिओ टाकायची नवी चाल आली आहे, त्यामुळे ती मानहानी गावभर होते. "आता खिशात काहीतरी पाहिजे" म्हणून एक जण सुरा घेतो. त्याच्याकडे आहे म्हणून दुसराही घेतो. दोघेही म्हणतात, "मारायसाठी नाही, सोबत असावा म्हणून." पण हत्यार जवळ नसतं तर ज्या भांडणात दोन थपडा बसल्या असत्या, त्यात एक जीव जातो आणि दुसरा तुरुंगात जातो. पोरं दोन्ही घरांतली, आणि कधीकधी एकाच वर्गातली.

आता एक गोष्ट सांगते. नाव-गाव सांगणार नाही. ओळखीतल्या एका बाईंचा मुलगा एका रात्री दोन वाजता घरी आला. शर्टावर रक्त. बाईंनी घाबरून विचारलं, "तुला लागलं का रे?" तो म्हणाला, नाही. त्यांनी शर्ट काढून घेतला, थंड पाण्याच्या बादलीत भिजवला, साबण लावून दोनदा घासला आणि घरातच दोरीवर टाकला. पोराला दूध दिलं. सकाळी पोलीस आले तेव्हा शर्ट अजून ओलाच होता. ज्याच्यावर वार झाला तो मुलगा तीन गल्ल्या सोडून राहणारा. त्याची आई आणि या बाई संक्रांतीला एकमेकींकडे वाण घ्यायला जायच्या. कितीतरी वर्षांनी बाई मला म्हणाल्या, "मी त्याला विचारलं, तुला लागलं का. रक्त कोणाचं आहे हे विचारलंच नाही हो." आजही त्या वाण घ्यायला कोणाकडे जात नाहीत.

मैत्रिणींनो, त्या बाईंना नावं ठेवायला ही गोष्ट सांगितली नाही. त्यांच्या जागी आपण असतो तर कदाचित आपणही बादली भरली असती. लेकरू चुकलं तर पदराखाली घ्यायचं, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. पण कायदा काय म्हणतो तेही ठाऊक असू द्या. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडविधानाऐवजी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम २३८ प्रमाणे गुन्हा झाल्याचं माहीत असताना, किंवा तसं समजायला कारण असताना, गुन्हेगाराला वाचवण्यासाठी पुरावा नाहीसा करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. गुन्हा खुनाचा असेल तर सात वर्षांपर्यंत शिक्षा. शर्ट धुणं, सुरा विहिरीत टाकणं, मोबाइल फोडणं, सगळं त्यात येतं. कलम २४९ प्रमाणे गुन्हेगाराला आसरा देणं, लपवणं हाही गुन्हा. त्यातून सूट फक्त नवऱ्याला किंवा बायकोला आहे. आईला नाही. आपल्यापैकी पुष्कळजणींना याच्या उलट वाटत असतं.

म्हणून पत्र लिहिणाऱ्या भगिनीला माझं पहिलं सांगणं: विहिरीत टाकू नकोस. तुझ्या पोरानं आजवर काही केलं नसेलही. पण तो सुरा दुसऱ्या कोणी कुठे वापरलेला असेल तर? 'मित्राचा आहे, ठेवायला दिला' हे वाक्य फार वाईट. मित्र आपलं हत्यार दुसऱ्याच्या घरी उगाच ठेवत नाही. तो पुसू नकोस, धुऊ नकोस, शक्यतो हात लावू नकोस.

दुसरं, तो सुरा घरात राहूही देऊ नकोस. शस्त्रांचा कायदा १९५९चा आहे. पातं नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असेल, आणि ते घरकामाचं, शेतीचं किंवा धंद्याचं नसेल, तर कायद्याच्या लेखी ते शस्त्र ठरतं. शेतकऱ्याच्या घरातला विळा-कोयता वेगळा आणि कॉलेजातल्या पोराच्या गादीखालचा सुरा वेगळा. तो घरबसल्या मोबाइलवरून मागवला असला तरी गुन्हा तो गुन्हाच. वाढदिवसाला तलवारीनं केक कापून फोटो टाकणाऱ्या पोरांवर महाराष्ट्रात ठिकठिकाणी गुन्हे दाखल झाले आहेत. पोरांना तो खेळ वाटतो, आणि नोकरीसाठी चारित्र्याचा दाखला काढायला गेलं की तो खेळ आडवा येतो.

मग करायचं काय? एकटीनं काही करू नकोस. मालकांना सांग, पण पोरासमोर नाही, रात्री जेवणाच्या ताटावरही नाही. ते रागीट असतील तर आधी दिराला, भावाला, ज्याचा शब्द ते मानतात अशा वडीलधाऱ्याला बोलावून घे आणि त्याच्या देखत सांग. त्यानंतर वकिलाचा सल्ला घ्या आणि वकिलामार्फतच ते हत्यार पोलिसांकडे कसं द्यायचं ते ठरवा. वकील परवडत नाही म्हणून थांबू नका. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. १९८७च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला तिथे मोफत वकील मिळतो, तिचं किंवा नवऱ्याचं उत्पन्न कितीही असो.

आता पोराशी बोलणं. आरडाओरडा करून काही निघणार नाही. तो एकोणीस वर्षांचा आहे, शर्टाचं बटण तुटलं तरी तुझ्याकडे येतो, मात्र चौकात त्याला कोणी 'भाऊ' म्हणतं. त्याला तिथे काय मिळतं ते आधी समजून घे. कोणाची भीती आहे का? कोणाचे पैसे देणं आहे का? क्रिकेटच्या सट्ट्यात हरून सावकाराच्या हाती सापडलेली पोरं कितीतरी असतात, आणि मग तोच सावकार त्यांना वसुलीला पाठवतो. पाच-दहा हजारांचं देणं असेल तर ते घरानं कळवून, समोर बसून फेडावं. दागिना मोडावा लागला तरी चालेल. बिनपरवाना सावकारी हा २०१४च्या कायद्यानं गुन्हा आहे, तेव्हा धमकी येत असेल तर तक्रारही करता येते.

ज्यांची मुलं अजून लहान आहेत त्यांनी आत्तापासून काही गोष्टींवर नजर ठेवावी. मिळकत नसताना नवा मोबाइल, नवे बूट कुठून आले? कोणाची गाडी दर आठवड्याला अंगणात उभी असते? वाढदिवस घरी करायला नको आणि चौकातच हवा, असं का? जुने मित्र अचानक यायचे बंद झाले का? "माझं पोर तसं नाही" हे वाक्य आपण सगळ्याच म्हणतो, मीही म्हटलंय. ते म्हणायच्या आधी एकदा त्याच्या मित्रांना घरी जेवायला बोलवा. पोहे-चहा नव्हे, चांगलं पिठलं-भाकरी, वांग्याची भाजी करून बसवा. चार घास पोटात गेले की पोरं बोलतात. त्यांच्या आयांचे फोन नंबर घेऊन ठेवा. जुन्या आळीत जे आपोआप कळायचं, ते नव्या लेआउटमध्ये आपल्याला असं जुळवून आणावं लागतं.

"अजून अठरा पूर्ण नाहीत, त्याला काही होत नाही," असंही काहीजणी म्हणतात. टोळीवाल्यांनाही हेच वाटतं, म्हणून ते लहान पोरांच्या हाती हत्यार देतात. पण २०१५च्या बालन्याय कायद्याप्रमाणे सोळा ते अठरा वयाच्या मुलानं खुनासारखा निर्घृण गुन्हा केला, तर बाल न्याय मंडळ त्याची समज, परिस्थिती तपासतं आणि त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवायचा निर्णय होऊ शकतो. सतराव्या वर्षी काही होत नाही, ही समजूत मुलाच्या डोक्यातून आधी काढा.

आणखी एक बाजू आहे. आपल्या घरचं पोर त्यात नाही, पण आपण गॅलरीतून, ओट्यावरून काही पाहिलं, तर? "कोर्टकचेरी नको बाई" म्हणून आपण आत येऊन दार लावतो. भीती खरी आहे, मी ती हसण्यावारी नेत नाही. पण हे माहीत असावं: साक्षीदार म्हणून जबाब द्यायला बाईला पोलीस ठाण्यात बोलावता येत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे पोलिसांनीच तिच्या घरी यायचं. तपासात दिलेल्या जबाबावर सही करायची नसते, कोणी मागितली तर नाही म्हणावं. आणि जिवाला धोका वाटत असेल तर साक्षीदार संरक्षण योजना आहे. सर्वोच्च न्यायालयानं ती २०१८ साली मान्य केली. तिच्यासाठी जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे अर्ज करता येतो. घटना घडत असतानाच मदत हवी तर ११२ फिरवा.

दूर स्कॉटलंडमध्ये ग्लासगो म्हणून शहर आहे. तिथेही अशाच पोरांच्या टोळ्या, अशाच सुऱ्या. २००५ साली तिथल्या पोलिसांनी ठरवलं, की पकडापकडी तर करूच, पण हिंसा हा साथीच्या रोगासारखा धरून मुळाशी जाऊ. २००८ पासून टोळीतल्या पोरांना न्यायालयाच्या दालनात बोलावून बसवायचे. पोलीस बोलायचे, डॉक्टर जखमा कशा असतात ते सांगायचे, आणि जिचा मुलगा मारला गेला अशी आई उभी राहून बोलायची. सोबतीला शिक्षण आणि कामाची सोयही होती. स्कॉटलंडमध्ये २००४-०५ साली १३७ खून झाले होते. दहा वर्षांत ते निम्म्याहून कमी झाले. सगळं श्रेय एका गोष्टीला कोणी देत नाही. पण त्या दालनात पोलिसांसमोर मान ताठ ठेवणारी पोरं त्या आईपुढे खाली बघायची, असं तिथले लोक सांगतात.

शेवटी आपल्या उंबऱ्याच्या आतलं. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या दर चार विवाहित स्त्रियांमागे एकीनं नवऱ्याकडून मारहाण किंवा जाच सोसल्याचं सांगितलं. ज्या घरात बाप आईवर हात उगारतो आणि आई "दारावर धडकले" म्हणून गाल झाकते, त्या घरातला मुलगा काय शिकतो? की राग आला की मारायचं, आणि घरचे ते झाकून घेतात. पुढे त्याचा शर्ट धुतला जाईल ही खात्री त्याला तिथेच मिळते. अशा घरातल्या भगिनींना १८१ ही महिला मदतवाहिनी आहे, २००५चा घरगुती हिंसाचारविरोधी कायदा आहे. स्वतःसाठी नको वाटत असेल तर मुलासाठी तरी तो वापरा.

तर पत्र लिहिणाऱ्या माझ्या माहेरच्या भगिनी, आज रात्री दिराला फोन कर. पोर आठ दिवस बोलणार नाही, जेवायला येणार नाही, "तू माझी आईच नाहीस" असंही म्हणेल. म्हणू दे. ताट झाकून ठेव. तुझ्याच वयाची कोणीतरी बाई तीन गल्ल्यांपलीकडे तिच्या पोराची वाट बघत जागी आहे. तिचं पोर तिच्या घरी आणि तुझं तुझ्या घरी परत यावं, एवढ्यासाठी हे करायचं आहे.

पुढे काय झालं ते जरूर कळव. नाव छापणार नाही.